पत्रिका तारेतून पाठवण्याचा ठराव

यंदा यात्रेची पत्रिका घेऊन कुणीही माणूस पुण्याच्या छापखान्यात जाणार नाही, ती तारेतून जाईल, असा ठराव भैरवनाथाच्या देवळात एकमताने मंजूर झाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. यात्रा कमिटीत घरी संगणक असलेला मी एकटाच. मी मंचरच्या हायस्कूलमध्ये हेडक्लार्क, संगणकही मंचरच्या घरात. पण गाव तिथून अकरा किलोमीटरवर आहे आणि गावाने एकदा माणूस आपला मानला की त्याचा संगणकही आपला होतो. ही २००५ सालची गोष्ट.

माणूस का नको, याला कारण होतं. गेल्या वर्षी पत्रिकेची सीडी कमिटीतला धर्माजी घेऊन गेला. मंचरहून निघताना त्याचा मेहुणा स्वागतोत्सुकांच्या यादीत नववा होता, छापून आला तेव्हा तिसरा. त्याच्या आदल्या वर्षी अध्यक्ष गेणभाऊंचा पुतण्या गेला होता. त्या वर्षी गेणभाऊंचा फोटो देवाच्या फोटोपेक्षा अर्धा इंच मोठा आला. मंचर ते पुणे रस्ता साठ किलोमीटरचा, पण तेवढ्या अंतरात आमच्या पत्रिकेत जितके बदल होतात तितके गावात पंधरा वर्षांत झालेले नाहीत. म्हणून मधे माणूसच नको.

यंदा तर भीती जास्तच होती. आमच्या यात्रेत बैलगाडे पळतात. ज्या चढावर पळतात त्याला आम्ही घाट म्हणतो, आणि गाडामालकांची नावं पत्रिकेत छापतात. माझे चुलतभाऊ भागू टेमगिरे दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्यामागे बैल सांभाळले त्यांच्या बायकोने, साळुबाई वहिनींनी. वैरण त्यांची, पाणी त्यांचं, पहाटे बैलांना रानात पळवून आणणं त्यांचं. आणि गेल्या वर्षी गाडा पहिला आला तेव्हा पत्रिकेत मालक म्हणून नाव छापलेलं त्यांच्या दिराचं, म्हणजे धर्माजीचं. यंदा वहिनी भर मीटिंगमध्ये देवळाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बैलं माजी हाईत. नाव माजं छापा. न्हाईतर गाडा घाटात येत न्हाई."

एक्केचाळीस गाडामालकांत आजवर एकही बाई नव्हती. दोन तास चर्चा झाली. शेवटी गेणभाऊंनी हो म्हटलं, कारण ती जोडी आली नाही तर घाटात बघण्यासारखं काही उरत नव्हतं. धर्माजी एक शब्द बोलला नाही. त्याला ओळखणाऱ्या सगळ्यांना त्याचीच जास्त धास्ती वाटली. बाहेर पडताना वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, तुमच्या भरवशावर हाय." मी म्हणालो, "वहिनी, निर्धास्त राहा." हा शब्द मी आयुष्यात फार कमी वेळा वापरलाय आणि दरवेळी पस्तावलोय.

पत्रिका मी स्वतः तयार केली आणि देवळात वाचून दाखवली. गेणभाऊंना देव इतका स्पष्ट हवा होता की डोळ्यांतला चांदीचा टिपका दिसला पाहिजे, आणि स्वतःचा फोटोही त्याच मानाने. त्यामुळे फाईल झाली त्रेसष्ट एमबीची. मी प्रेसला फोन केला. तिकडून कुणीतरी तोंडात पान ठेवून म्हणालं, "ईमेलनं नाही जायची. एफटीपी करा."

"करतो की," मी म्हणालो. रोज सकाळी दात घासल्यावर मी तेच करत असल्यासारखा आवाज काढला, फोन ठेवला आणि शेजारी पीयूषकडे गेलो.

शेजारचे रमणलाल कांदा-बटाट्याचे व्यापारी. त्यांच्या मुलाने, पीयूषने, गाळ्याच्या एका बाजूला संगणकाचं दुकान काढलं होतं. तो म्हणाला, "काका, फाईल पाठवायचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. हे घ्या." त्याने दिलेलं सॉफ्टवेअर दिसायला देखणं होतं, फक्त महिनाभरच फुकट चालायचं, आणि उघडलं की आधी सांगायचं, 'आज तुमचा पहिला दिवस. एकोणतीस उरले.' रोज सकाळी आपल्याच यंत्राने आपले दिवस मोजून दाखवावेत हे चाळिशी उलटलेल्या माणसाला बरं वाटत नाही.

मग शाळेत बातमी पसरली. संगणक क्लासच्या सरांनी दुसरं आणून दिलं. त्यात पडद्याचे दोन भाग होते, डावीकडे आपलं घर, उजवीकडे प्रेसचं. फाईल इकडून उचलायची आणि तिकडे सोडायची. मधेच लाईन तुटली तर जिथे थांबलं तिथून पुढे न्यायची सोय होती, आणि फुकट होतं. मला ते फार आवडलं.

तिसरा सल्ला माझ्या साडूचा. भरत खोडदला दुर्बिणीवर नोकरीला आहे. त्या नोकरीमुळे त्याला पृथ्वीवरची कुठलीही अडचण किरकोळ वाटते. तो फोनवर म्हणाला, "सॉफ्टवेअर कशाला आणताय? तुमच्या संगणकात आधीपासून आहे. काळी खिडकी उघडायची, आज्ञा लिहायची. आमच्याकडं आकाशातून येतं ते सगळं असंच जातं." मी खिडकी उघडली. ती काळी होती आणि त्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती. बाकी काहीही नव्हतं.

शाळेच्या कामाची सवय म्हणून मी तिन्हींचा तुलनात्मक तक्ता केला. सोय, वेग, खंडित झाल्यास पुढे चालू राहण्याची क्षमता, शेरा. देवळात तो वाचून दाखवला. गेणभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्ये समदं ठीक हाय. पन कंचं कुनाचं?"

मला प्रश्नच कळला नाही. बाकीच्यांना कळला. पीयूष गेणभाऊंच्या पुतण्याच्या बसण्या-उठण्यातला, तेव्हा ते सॉफ्टवेअर गेणभाऊंचं. क्लासवाले सर धर्माजीच्या मेहुण्याच्या खोलीत भाड्याने राहतात, तेव्हा ते धर्माजीचं. भरत माझा साडू, आणि मी वहिनींचा माणूस, हे तर उघडच होतं. मी समजावलं की सॉफ्टवेअर नावं वर-खाली करत नाही, नुसतं वाहून नेतं. धर्माजी म्हणाला, "मी बी गेल्या साली नुसतं वाहूनच नेलं व्हतं."

तेव्हा गेणभाऊंनी तोड काढली. घाटात कुठला गाडा कितव्या नंबराला पळणार हे आमच्याकडे चिठ्ठीने ठरतं. देवापुढे घागरीत चिठ्ठ्या टाकायच्या, गुरवाने काढायच्या, त्यावर कुणी ब्र काढायचा नाही. "एक्केचाळीस गाड्यांचा निवाडा देव करतुय, त्याला तीन सॉफ्टवेअरचं काय जड हाय?" मी तीन चिठ्ठ्या लिहिल्या: पीयूषचं, सरांचं, भरतचं. गुरव हातपाय धुऊन आले. त्यांनी डोळे मिटून घागरीत हात घातला. मी मनातल्या मनात 'सरांचं, सरांचं' म्हणत होतो, आणि जे नको असेल ते नेमकं देणं ही भैरवनाथाची जुनी पद्धत आहे. चिठ्ठी निघाली भरतची. काळी खिडकी.

धर्माजीने सगळ्यांच्या आधी हात जोडले. "देवाचा शब्द झाला. आता दुसरं कायबी चालायचं न्हाई." त्याच्या भक्तीचं मला तेव्हाच आश्चर्य वाटायला हवं होतं.

मंगळवारी मी पहिल्यांदा पाठवायला बसलो. फोनच्या लाईनवरचं इंटरनेट. त्रेसष्ट एमबी जायला सुमारे चार तास. काळ्या खिडकीत किती गेलं, किती राहिलं, यातलं काहीच दिसत नाही. लुकलुकणारी रेघही थांबते. अडीच तासांनी वीज गेली. लोडशेडिंगचं वेळापत्रक माझ्याकडे होतं, पण वीज मंडळाकडे बहुधा दुसरं होतं. आणि देवाने निवडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये पुढे चालू राहण्याची सोय नसल्याने पुन्हा पहिल्यापासून.

बुधवारी तीन तास झाले असताना बायकोने आतल्या खोलीत रिसीव्हर उचलला. तिला तिच्या बहिणीला विचारायचं होतं की कैऱ्या किती घेऊ. लाईन तुटली. मी बाहेरून ओरडलो, तर ती म्हणाली, "दोन दिवस झाले, घरात फोन आहे आणि फोन करायचा नाही. माझी आई आजारी पडली तर तिने काय भैरवनाथाला कळवायचं?" त्या दिवशी मी बाहेरच्या खोलीत जेवलो.

गुरुवारी धर्माजी साक्षीला आला. कमिटीने ठरवलं होतं म्हणे. माझ्या शेजारी खुर्ची टाकून तो पडद्याकडे बघत बसला.

"जातंय का?"

"जातंय."

"कशावरनं?"

मी सांगितलं की बंद पडलं असतं तर त्याने तसं सांगितलं असतं. "म्हंजी गप बसलंय म्हंजी काम करतंय," धर्माजी म्हणाला, "आमच्या ग्रामसेवकावानी." चार तासांत त्याने तीन चहा घेतले आणि दोनदा विचारलं की गाडामालकांची यादी आत्ता नेमकी कुठवर पोचली असेल, राजगुरुनगर की चाकण. शेवटी खिडकीत इंग्रजीत एक ओळ उमटली: काम पूर्ण झालं. मी टाळी वाजवली. हेडक्लार्कला न शोभणारी गोष्ट, पण वाजवली. प्रेसला फोन लावला.

"आली," पानवाला म्हणाला. "पण उघडत नाही. फुटलीय."

भरतला विचारलं. तो म्हणाला, "आधी बायनरी म्हणून लिहिलं होतं ना?" मी म्हणालो, "कुठे लिहायचं?" तर म्हणे पाठवण्याआधी तो एक शब्द लिहावा लागतो, नाहीतर ते यंत्र चित्रालासुद्धा पत्र समजून पाठवतं आणि चित्राचा चुरा होतो. मी विचारलं, मग हे आधी का नाही सांगितलं. भरत प्रामाणिकपणे म्हणाला, "ते काय सांगायचं? जेवायला बसणाऱ्याला तोंड उघडा म्हणून सांगतं का कुणी?"

शुक्रवारी सकाळी बायनरी हा शब्द मोठ्या अक्षरात लिहून मी पडद्यावर चिकटवला, फोन उचलला आणि फोन मुका. हायवेच्या कामावर जेसीबीने केबल उचलून फेकली होती. टेलिफोनच्या कचेरीत गेलो. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "तक्रार फोनवर नोंदवा." मी म्हणालो, फोनच बंद आहे. "शेजारच्यांच्या फोनवरून नोंदवा." शेजारचाही बंद आहे, सगळी आळी बंद आहे. ते विचारात पडले. "मग तुम्ही एकट्यानं कशाला आलात? आळीचा एकत्रित अर्ज लागेल." मी दुपारभर उन्हात फिरून एकोणीस सह्या आणल्या. त्यांनी अर्ज वाचला, त्यातली एक सही मागच्या महिन्यात गाव सोडून गेलेल्या माणसाच्या बायकोची आहे हे बरोबर ओळखलं, आणि सांगितलं, "सोमवारी बघू."

सोमवार उपयोगाचा नव्हता. एसटीडी बूथवरून, म्हणजे जेसीबीच्या पलीकडच्या बाजूच्या, मी प्रेसला फोन केला. ते म्हणाले, "रविवारी दहापर्यंत फाईल द्या. नाही आली तर गेल्या वर्षीची आमच्याकडे आहे. तारीख बदलून छापून टाकतो."

गेल्या वर्षीची. म्हणजे गाडामालक धर्माजी.

शनिवारी देवळात तातडीची मीटिंग झाली. मी सीडी करूनच नेली होती. ती खिशातून काढली मात्र, धर्माजी उठला. "ठराव काय झालाय? मानूस जायाचा न्हाई. देवानं काय सांगितलंय? काळी खिडकी. आता शीडी न्यायची म्हंजी ठराव बी मोडला आन देवाचा शब्द बी." मग खाली बसत म्हणाला, "तसं म्हनलं तर गेल्या सालची पत्रिका काय वाईट व्हती?"

वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांच्याकडे माझ्याने बघवेना. सगळ्यांना कळत होतं काय चाललंय, आणि देवाच्या चिठ्ठीविरुद्ध बोलायची हिंमत एकाची नव्हती, माझी तर नव्हतीच. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मी ती सीडी परत खिशात ठेवली.

"गुरवबाबा," वहिनी दारातूनच म्हणाल्या, "देवानं खिडकी सांगितली ना? खिडकी कुटनं उघडायची ते सांगितलं का?"

गुरव गडबडले. "न्हाई बा. तसं काय न्हाई."

"मंग मशीनच पुन्याला नेऊ. तितं छापखान्यात ठिवू, खिडकी उघडू, भावजी पाठवत्याल. मंग तर झालं?" मग धर्माजीकडे वळून, "आन एक मानूस जायाचा न्हाई असं ठरलंय ना? समदेच जाऊ."

कमिटी बराच वेळ या बोलण्यात खोट शोधत बसली. धर्माजीने सर्वांत जास्त शोधली. शेवटी गेणभाऊंनी मांडीवर थाप मारली. "जुपा गाडी!"

रविवारी सकाळी सात वाजता रमणलालजींचा रिकामा टेम्पो माझ्या दारात उभा राहिला. धर्माजीचा आग्रह होता की मशीन म्हणजे सगळं मशीन, नुसता सीपीयूचा डबा नेऊन देवाला फसवायचं नाही. तेव्हा सगळं निघालं. गेणभाऊ मानाप्रमाणे पुढे ड्रायव्हरशेजारी, मांडीवर कीबोर्ड. मागे बारदानावर बाकीचे आम्ही सहा जण. डबा माझ्या कुशीत, आणि तो अगडबंब मॉनिटर धर्माजीच्या मांडीवर, कारण तो दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला तो तयार नव्हता. वहिनी समोर बसल्या होत्या. त्यांच्या हातात काही नव्हतं, पण नजर एकदा डब्यावर आणि एकदा दिरावर, अशी पुण्यापर्यंत चालू होती.

स्टँडपाशी टेम्पो थांबला तर आमचे मुख्याध्यापक एसटीची वाट बघत उभे. "काय टेमगिरे, बिऱ्हाड हलवलंत?" नमस्काराला माझा हात मोकळा नव्हता. मी नुसती मान हलवली. त्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला, आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मला नव्या घराबद्दल पेढे मागण्यात आले. ते मी मुकाट्याने दिले. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

साडेनऊला प्रेसमध्ये पोचलो. तो पानवाला म्हणजे पंचविशीतला ऑपरेटर निघाला. दारातून आत येणारा मॉनिटर, त्याच्यामागे धर्माजी, त्याच्यामागे फेटा बांधलेले गेणभाऊ, असं बघून त्याने पान थुंकलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अहो, पण सीडी का नाही आणली? खिशात मावते."

वहिनी म्हणाल्या, "म्हनूनच न्हाई आनली. खिशात मावतंय ना."

त्याने एक वायर माझ्या डब्याला जोडली. मी काळी खिडकी उघडली. बायनरी लिहिलं. कमिटीतल्या दोघांनी स्पेलिंग अक्षर अक्षर लावून पाहिलं. मी पाठवायची आज्ञा दिली आणि चार तासांच्या तयारीने खुर्चीत मागे टेकलो. माझी पाठ टेकायच्या आत खिडकीत ओळ आली. अकरा सेकंद. तीन सॉफ्टवेअर, एक तक्ता, एक कौल आणि एकोणीस सह्यांनंतर, अकरा सेकंद.

ऑपरेटरने त्याच्या पडद्यावर पत्रिका उघडली. देव आला, डोळ्यांतले चांदीचे टिपके आले, गेणभाऊ आले. खाली गाडामालक. वहिनी पुढे झाल्या. त्यांना सहीपुरतंच वाचता येतं.

"ह्यातलं माजं कंचं?"

मी सतराव्या ओळीवर बोट ठेवलं. "हे. साळुबाई भागू टेमगिरे."

"ह्यांचं बी हाय व्हय मदी?"

"आहे ना वहिनी. मधलं त्यांचंच."

त्या वाकून बघत राहिल्या. पदर तोंडाशी गेला. मी उगीचच वायरीकडे बघू लागलो. धर्माजीसुद्धा भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघत होता.

तेवढ्यात ऑपरेटरने नेहमीच्या सवयीने विचारलं, "काही बदल? आत्ताच सांगा."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की एका माणसाला जे करता येऊ नये म्हणून आम्ही सगळी कमिटी इथे आणली होती, ते करायला आता सगळी कमिटी हजर होती. गेणभाऊ म्हणाले, "फोटू जरा उजळ करा, आन करतोच हाय तर वाईच मोठा." एकाने सासऱ्याचं नाव राहिल्याचं सांगितलं. धर्माजी कॅलेंडर सोडून पुढे आला. त्याचं म्हणणं, मेहुणा यंदा पुन्हा नववा झालाय, त्याला निदान सातवा तरी करा. सगळे एकदम बोलू लागले. पडद्याभोवती माणसांची इतकी दाटी झाली की ऑपरेटर दिसेना.

"हटा," वहिनी म्हणाल्या.

त्या पडद्याला पाठ लावून मधे उभ्या राहिल्या. पळायला अधीर झालेल्या बैलांना त्या रानात ज्या आवाजात थांबवतात, तोच आवाज होता. "देवळात वाचून दाखीवलं तसंच ऱ्हाईल. कुनाचं नाव हालायचं न्हाई. कुनाचा फोटू वाढायचा न्हाई." एकेक जण मागे सरला. धर्माजी सगळ्यांत शेवटी, पण सरला. वहिनींनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"भावजी, बोट काडा."

पत्रिकेच्या अगदी तळाशी, जाहिरातीच्या खाली, बारीक अक्षरात चिटणीस म्हणून माझं नाव होतं. ते दोन ओळी वर घेतलं तर कुणाचं काय बिघडणार होतं, एवढंच मी ऑपरेटरला खुणेने दाखवत होतो. मी बोट काढलं.

"छापा," वहिनी म्हणाल्या.